साडेचारशे पौंडांची दुनळी

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये स्थायिक. ऑफिसच्या सहलीत एकदा क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी) केलं आणि नाद लागला. आता नियमित क्लबवर जातो, तिथलीच बंदूक भाड्याने वापरतो. शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे पोलिसांचा परवाना, नुकतंच हातात पडलं आहे. ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या रेपसीडच्या (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) शेतावर उतरणारी वुडपिजन (रानकबुतरं) मारायलाही बोलावलं आहे. दोन्हीसाठी मिळून एकच जुनी ओव्हर-अँड-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची दुनळी, घ्यायची आहे. बजेट बाराशे पौंड. समोर दोन आहेत. एक क्लबमधल्या सदस्याची : सत्तरच्या दशकातली स्पॅनिश, २८ इंची नळ्या, थ्री-क्वार्टर आणि फुल असे कायमचे चोक (नळीच्या तोंडाचा आवळा), बाजूला सुंदर नक्षी, ४५० पौंड. दुसरी दुकानातली : बेरेटा ६८६ सिल्व्हर पिजन, ३० इंची, बदलते चोक, ११५० पौंड. माझी उंची ५ फूट ४ इंच. पहिली घेऊन उरलेल्या पैशांत काडतुसं घ्यावीत असं मला वाटतं. बायकोचं म्हणणं, घरात बंदूकच नको. काय करू?

उत्तर : नमस्कार. आधी निकाल सांगते, मग कारणं. पहिली बंदूक सोडा. दुसरी बहुधा घ्या, पण खाली सांगते त्या तपासण्या झाल्यावर आणि खांद्याला लावून पाहिल्यावरच. उरलेल्या पैशांतून काडतुसं घेण्याचा तुमचा हिशेब मला कळतो. मात्र त्या ४५० पौंडांच्या बंदुकीत कोणती काडतुसं घालणार, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी येणार, त्याआधी तीन वर्षांची मुदत मिळणार. कारण साधं आहे. जमिनीवर पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. पाणथळ जागी आणि पाणपक्ष्यांसाठी इंग्लंडमध्ये शिसं १९९९ पासूनच बंद आहे. आता पाळी बाकीच्या शेतांची आणि मैदानांची. म्हणजे तुम्ही आज जी बंदूक घ्याल, तिच्या आयुष्याचा मोठा भाग पोलादी छर्ऱ्यांवर जाणार आहे.

पोलाद आणि शिसं नळीत वेगळं वागतं. शिसं मऊ, चोकच्या अरुंद तोंडातून जाताना चेपतं. पोलाद चेपत नाही. म्हणून प्रूफ झालेल्या, म्हणजे अधिकृत दाबचाचणीत उतरलेल्या, सुस्थितीतल्या साध्या बंदुकीत नेहमीच्या दाबाची पोलादी काडतुसं चालत असली, तरी हाफ चोकपेक्षा घट्ट चोकमधून ती मारू नयेत असा इथला सर्वमान्य सल्ला आहे. तुमच्या स्पॅनिश दुनळीचे दोन्ही चोक त्याहून घट्ट. बारा बोअरमध्ये फुल म्हणजे नळीचं तोंड इंचाच्या सुमारे चाळीस सहस्रांशाने आवळलेलं, थ्री-क्वार्टर म्हणजे तीस, हाफ म्हणजे वीस. त्यात पोलाद घातलंत तर नळीच्या टोकाशी फुगवटा येण्याची जोखीम. बिस्मथचे छर्रे मऊ असतात, ते चालतील, पण त्यांच्या किमतीत क्लेची एक फेरी मारलीत तर घरी कोणते प्रश्न विचारले जातील ते तुम्हीच ओळखा. गनस्मिथकडून चोक मोकळे करून घेता येतात. मात्र नळीची जाडी पुरेशी आहे का, हे त्याने मोजून सांगितल्यावरच. तो खर्च धरला की ४५० पौंडांतली स्वस्ताई बरीच आटते. या जातीच्या जुन्या, घट्ट चोकच्या बंदुका इतक्या कमी भावात फिरताना दिसतात त्यामागे हेच आहे. विकणारा फसवतोय असं नव्हे, बाजाराने पुढचा हिशेब आधीच करून ठेवला आहे.

शिवाय तुम्ही नवशिके आहात. फुल चोकचा सरा, म्हणजे छर्ऱ्यांचा पसरणारा झुबका, चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सत्तर टक्के छर्रे ठेवतो. मोकळ्या सिलिंडर नळीतून तेच प्रमाण चाळीस टक्क्यांवर येतं. ऐकायला सत्तर बरे वाटतात. पण क्लबवरच्या बऱ्याचशा क्ले वीस-पंचवीस यार्डांवरून जातात, आणि तिथे फुल चोकचा सरा इतका आवळलेला असतो की थोडी चूकसुद्धा माफ होत नाही. क्वार्टर आणि हाफ ही जोडी तुम्हाला क्लेलाही पुरेल आणि डिकॉयवर (आमिषाच्या खोट्या पक्ष्यांवर) येणाऱ्या कबुतरांनाही.

आता दुकानातली बेरेटा. तिच्या नळ्या उतरवा आणि ब्रीचच्या, म्हणजे काडतूस घालायच्या, बाजूचे शिक्के बघा. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्का असेल, किंवा इटलीत गार्दोने व्हाल त्रोंपियाचा. १९८० पासून ब्रिटन सीआयपी या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे सदस्य देशांचे शिक्के इथे चालतात. प्रूफ नसलेली बंदूक विकणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, म्हणून दुकानदार या बाबतीत सहसा ढिलाई करत नाहीत. तुम्ही मुद्दाम शोधायचं ते फ्लर-दे-लीचं, म्हणजे लिलीच्या फुलाचं चिन्ह. ते असेल तर त्या नळ्या जास्त दाबाच्या पोलादी काडतुसांसाठी तपासलेल्या आहेत. जुन्या ६८६ वर ते असेलच असं नाही. नसलं तरी मोकळ्या चोकमधून नेहमीची पोलादी काडतुसं चालतात, पण मग किमतीत थोडी घासाघीस करायला हरकत नाही. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन आकडे मोठा घ्यावा लागतो. सहा नंबर शिशाच्या जागी चार नंबर पोलाद. तशा काडतुसांची पर्वा न करता वापरता येणारी बंदूक पुढे विकतानाही भाव राखते.

चोकच्या नळकांड्या एकूण एक काढून बघा. बेरेटाच्या जुन्या चोकच्या काठावर खाचा असतात : एक खाच म्हणजे फुल, तीन म्हणजे हाफ, चार म्हणजे क्वार्टर, पाच म्हणजे सिलिंडर. एखादी नळकांडी हलतच नसेल तर ती वर्षानुवर्षं तशीच गंजत बसलेली आहे. दुकानदाराला तुमच्यासमोर काढायला सांगा. "घरी गेल्यावर तेल सोडा, सुटेल" हे उत्तर स्वीकारू नका. सुटणार असेल तर ती दुकानातही सुटेल.

मग आतून नळ्या. दिव्याकडे धरून बघा, आणि नुसता झगझगाट पाहून खूश होऊ नका. नळीत पडणारी सावलीची रेघ सरळ हवी. ती कुठे वाकली, तुटली किंवा गोल कडं दिसलं, तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. बारीक खड्डे असतील तर ओल्या दिवसानंतर नळी न पुसता ठेवलेली. किरकोळ असतील तर जगबुडी नाही, पण दुकानदाराने ते आपणहून सांगायला हवेत. यानंतर नळ्या बोटावर टांगत्या धरून टिचकी मारा. स्वच्छ, रेंगाळणारा टण् असा आवाज यायला हवा. खरखर आली तर मधल्या पट्टीचं झाळ कुठेतरी सुटलं आहे, आणि ते पुन्हा बसवणं महाग पडतं.

सांध्याची परीक्षा पुढचा लाकडी हात काढून करायची. तो लावलेला असला की सैलपणा झाकला जातो. नळ्या बंद करा, दस्ता काखेत घट्ट धरा आणि नळ्यांना डावी-उजवीकडे हिसका द्या. खडखड ऐकू आली किंवा ब्रीचपाशी फट दिसली तर बंदूक ढिली झाली आहे. वरची किल्ली बंद केल्यावर कुठे थांबते तेही पाहा. नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या उजवीकडे थांबते, झीज वाढत जाते तशी मध्याकडे सरकते. मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर काम निघालं म्हणून समजा. बेरेटाचं एक सोयीचं आहे. तिची बिजागरी आडव्या दांड्याऐवजी दोन बाजूंच्या दोन खुंट्यांवर असते, म्हणून तिची कमर बारीक. त्या खुंट्या आणि कुलपाचे खिळे थोड्या मोठ्या मापात बदलूनही मिळतात. त्यामुळे ढिली ६८६ म्हणजे टाकाऊ ६८६ असं नाही. पण ती दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे पैसे देण्याआधी ठरलं पाहिजे.

चाप आणि इजेक्टर (मारलेलं काडतूस बाहेर फेकणारा भाग) तपासायला स्नॅप कॅप मागा, म्हणजे खोटी काडतुसं. दुकानात ती असतातच. एक चाप ओढा. ६८६ चा दुसरा बार पहिल्याच्या धक्क्याने तयार होतो, म्हणून दस्त्याच्या बुडावर तळहाताने एक ठोका द्या आणि पुन्हा ओढा. नळी निवडायचा खटका दुसरीकडे सरकवून हेच उलट क्रमाने करा. दोन्ही बार झाल्यावर उघडलं की दोन्ही स्नॅप कॅप एकदम उडाल्या पाहिजेत. एक उडून दुसरी मागे रेंगाळत असेल तर इजेक्टरची स्प्रिंग थकली आहे, ते फार मोठं काम नाही. नळ्या, मधला सांगाडा आणि पुढचा हात या तिन्हींवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का, तेही या बैठकीत पाहून घ्या.

लाकडात नक्षी नंतर बघा. आधी सांगाड्याच्या मागे, दस्ता जिथे बारीक होतो ती मनगटाची जागा. धक्क्याचा सगळा मार तिथे बसतो आणि केसाएवढी चीरही तिथेच पडते. त्या भागात लाकूड काळपट, तेलात भिजल्यासारखं दिसलं तर वर्षानुवर्षं उभ्या बंदुकीतून तेल खाली झिरपलं आहे आणि लाकूड मऊ झालं आहे.

हे सगळं तपासून झालं तरी खरी गोष्ट बाकीच आहे : ती बंदूक तुम्हाला होते का. कोल्हापूरकर म्हटल्यावर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं स्वप्नील कुसाळेचं ५० मीटर रायफलचं कांस्य मनात असणारच. पण रायफलला पुढे-मागे साइट असतात, आणि नेमबाज त्या जुळवून थांबू शकतो. शॉटगनला मागची साइट नसते. त्या जागी तुमचा डोळा असतो, आणि तो कुठे बसेल हे दस्ता ठरवतो. दस्त्याचा माथा खाली असला की डोळा नळीखाली जातो आणि सरा क्लेच्या खालून निघून जातो. माथा उंच असला की वरून. उजव्या खांद्याच्या माणसासाठी दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो, डावखुऱ्यासाठी उलट. म्हणून हे माप कोल्हापुरीसारखं पायात घालूनच ठरतं, खोक्यावरचा आकडा वाचून ठरत नाही.

बाजारातले बहुतेक दस्ते चापापासून बुडापर्यंत साडेचौदा ते पावणेपंधरा इंच लांब असतात. ५ फूट ४ इंचांच्या माणसाला ते बहुधा अर्धा इंच जास्त होतील. क्लबवर टी-शर्टमध्ये हे जाणवत नाही. पण वुडपिजन रेपसीडवर झुंडीने उतरतात ते ऐन थंडीत. जाड जॅकेट घातलेलं असताना लांब दस्ता काखेत अडकतो, आणि तेवढ्यात पक्षी कुंपणापार झालेला असतो. उपाय सोपा आहे. गनस्मिथ दस्ता कापून पातळ पॅड लावून देतो. बजेटमधून शंभर-दीडशे पौंड यासाठी बाजूला ठेवा. दुकानात बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, सुरक्षित दिशेला तोंड ठेवून डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. पट्टीवरून पुढचा मणी सरळ दिसला आणि चापावरच्या हाताचा अंगठा व नाक यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं तर जवळपास जमलं. मान वळवावी लागत असेल तर नाही जमलं. शक्य असेल तर तुमच्या क्लबच्या प्रशिक्षकाला सोबत न्या. चांगली दुकानं मैदानावर काही बार मारूनही बघू देतात. तसं कोणी नाकारलं तर मी दुसरं दुकान बघेन.

३० इंच की २८, यावर क्लबातले लोक तासन् तास भांडतात. मी त्यात पडत नाही. साडेसात-आठ पौंड वजनाची ३० इंची स्पोर्टर क्लेला शांतपणे फिरते, तिचा धक्काही सौम्य लागतो. शेताच्या आडोशात बसून थोडी लांब वाटेल, पण सवय होते. फक्त ट्रॅप या क्लेच्या प्रकारासाठीची खास उंच पट्टीची बंदूक गळ्यात मारून घेऊ नका. ती मुद्दाम वर मारते, कारण ट्रॅपची क्ले चढती असते. पंख मिटून खाली उतरणारं कबूतर तिला सोसत नाही.

कबुतरांबद्दल आणखी एक. तुमच्या शेतकऱ्याने बोलावलं म्हणजे सगळं झालं, असं नाही. इंग्लंडमध्ये वुडपिजन मारता येतात ते पिकांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी, जीएल४२ या सर्वसाधारण परवान्याच्या अटींखाली. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण अटी वाचून पाळाव्या लागतात. बुजगावणं, आवाज असे उपाय आधी करून पाहिलेले असले पाहिजेत, आणि नुसती हौस म्हणून मारणं त्यात बसत नाही. शेतकऱ्याची परवानगी दोन ओळींत लेखी घ्या आणि शेताच्या सीमा त्याच्याबरोबर चालून बघा. सीमेपलीकडे गोळीबार झाला तर शेजारी पोलिसांना फोन करतो, आणि तसं करण्यात त्याचं काही चुकत नाही. स्टॉक डव्ह हा पक्षी वुडपिजनसारखाच दिसतो, आकाराने लहान असतो, मानेवर पांढरा पट्टा नसतो. तो संरक्षित आहे. ओळखता येईपर्यंत बोट चापावर नको.

क्लबमधल्या त्या सदस्याला तोंडघशी पाडायचं नसेल तर एक वाट आहे. सर्टिफिकेट असलेला माणूस दुसऱ्या सर्टिफिकेटधारकाला ७२ तासांपर्यंत शॉटगन उसनी देऊ शकतो, पोलिसांना कळवावं लागत नाही. एका रविवारी त्याची दुनळी उसनी घेऊन बघा. शिशाच्या काडतुसांनी दूरच्या क्ले फोडायला ती मजेदार निघेल, आणि नकार द्यायला तुमच्याकडे अनुभवाचं कारण असेल. आणि तरीही तिच्याच प्रेमात पडलात, तर खासगी विक्रीत बंदूक प्रत्यक्ष हातोहात द्यावी लागते, विकणाऱ्याने तिची नोंद तुमच्या सर्टिफिकेटवर करायची असते आणि दोघांनी आपापल्या पोलिसांना सात दिवसांच्या आत कळवायचं असतं. हे क्लबच्या बारमध्ये बिअर पिताना विसरलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता घरचा प्रश्न. तुमच्या बायकोचं चुकतंय असं मला वाटत नाही. ज्या घरात कोणी कधी बंदूक पाहिली नाही, तिथे हा आक्षेप यायलाच हवा. त्यांना समजावण्याआधी तुम्ही कपाटाचं नीट बघा. बीएस ७५५८ मानकाचं पोलादी कपाट, भिंतीच्या विटांमध्ये बोल्टने आवळलेलं, दारातून किंवा खिडकीतून न दिसणारं. प्लास्टरबोर्डच्या भिंतीवर लावू नका. काडतुसं वेगळी, तीही कुलपात. आणि किल्ली कुठे आहे हे त्यांनासुद्धा माहीत असता कामा नये. हा अविश्वास नव्हे, कायद्याची अट आहे : ज्याच्याकडे सर्टिफिकेट नाही त्याच्या हाती बंदूक लागता कामा नये. संसारात लपवायला परवानगी असलेली ही बहुधा एकमेव वस्तू. हे त्यांना तुम्हीच स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत भांडण ठरलेलं.

त्यांना एकदा क्लबवर घेऊन जा. पोलिसांची तशी परवानगी असलेल्या मैदानावर सर्टिफिकेट नसलेल्या माणसालाही क्लेवर बार मारता येतो. तुमच्या ऑफिसच्या सहलीत तुम्हीही तसेच मारले होते. तुम्ही स्वतः शिकवायला जाऊ नका, प्रशिक्षकाच्या हाती द्या आणि हलकी २१ ग्रॅमची काडतुसं मागा. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा दोघांनाही. त्यानंतरही त्या नाहीच म्हणाल्या, तर बंदूक घ्या आणि ती दुकानदाराकडेच ठेवा. बरेच नोंदणीकृत विक्रेते भाडं घेऊन बंदुका सांभाळतात, रविवारी जाताना उचलायची आणि येताना परत द्यायची. जाण्या-येण्याचा त्रास आहे, पण बेरेटा हातची जाणार नाही आणि घरात बंदूकही येणार नाही.